हेडफोनमधला बास

बायकोच्या नोकरीमुळे आम्हाला दिल्लीत आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टर मिळालं आहे. मी गुडगावला आयटीत. पुण्यात कॉलेजात असताना मी बास गिटार वाजवायचो. चार जाड तारांची ती गिटार. तिचा आवाज कानाआधी छातीत जाणवतो. आमचा चौघांचा बँड मोडून वीस वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात आईकडे पडून असलेली गिटार इकडे आणली, आवाज मोठा करणाऱ्या जुन्या अ‍ॅम्पला जोडली, आणि दुसऱ्याच दिवशी खालचे आजोबा वर आले. त्यांच्या कपाटाच्या काचा थरथरतात, हे त्यांनी इतक्या अदबीने सांगितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग मी मॉडेलर शोधायला लागलो. मॉडेलर म्हणजे मोठ्या अ‍ॅम्पचा आवाज हुबेहूब काढणारी छोटी पेटी. हेडफोन लावायचे, वाजवायचं, शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही. महिनाभर मेट्रोत मी त्याचेच व्हिडिओ बघत होतो. सगळ्यात स्वस्त मॉडेलर थेट गिटारलाच लावता यायचा, पण त्यात खालचे सूर पत्र्यासारखे वाजायचे. महागड्यांत शंभरावर आवाज. मला एकच हवा होता. ड्रमरच्या शेजारी उभं राहिल्यावर यायचा तो.

शेवटी एका जुन्या मॉडेलरची जाहिरात दिसली. फोनवर एक बाई हिंदीत बोलल्या, पत्ता उत्तर दिल्लीतल्या हिंदूराव हॉस्पिटलच्या पुढचा होता. रविवारी दुपारी गिटार पाठीला लावून गेलो. दार उघडताना त्या आतल्या कुत्रीला म्हणाल्या, ‘‘थांब गं, आलेच.’’ मी मराठीत नमस्कार केला तशा त्या क्षणभर बघतच राहिल्या.

साठीच्या असतील. नवरा दीड वर्षापूर्वी गेला. तोही बास वाजवायचा. गिटार त्यांनी भाच्याला दिली, पण ही पेटी भाच्याला नको होती. चहा ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं की लग्नानंतरची पहिली काही वर्षं मुंबईत त्या नवऱ्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला पुढे बसायच्या. दिल्लीला आल्यावर घरं लहान, भिंती पातळ, म्हणून त्याने हेडफोन लावले. त्यानंतर इतकी वर्षं त्यांनी शेजारच्या खोलीतून फक्त तारांची कोरडी टकटक ऐकली होती.

मी गिटार जोडून, हेडफोन लावून आवाज तपासायला लागलो. पेटीत त्यांच्या नवऱ्याने स्वतः जुळवून ठेवलेले आवाज होते. सात नंबरला आलो आणि थांबलो. खोल, जरासा खरबरीत, कडेला ऊब असलेला तो आवाज ऐकून मला एकदम आमच्या बँडची पुण्यातली सरावाची खोली आठवली. बाकीचे तिघे आता तीन शहरांत आहेत आणि फोन वाढदिवसापुरते उरलेत. मी डोळे मिटून वाजवत राहिलो. उघडले तेव्हा त्या समोर बसून माझ्या बोटांकडे बघत होत्या.

मी हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरले. ‘‘ताई, ऐकता का?’’

त्यांनी ते दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. आता टकटक माझ्या वाट्याला आली. काय वाजवावं सुचेना, म्हणून एक साधी चाल फिरवत राहिलो. बराच वेळ गेला. हेडफोन उतरवून त्यांनी ते मांडीवर ठेवले.

‘‘हे असं वाजवायचे नाहीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण आवाज ह्यांचाच आहे.’’

ही पेटी तुमच्याजवळच राहू दे, मी दुसरी बघतो, असं मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

‘‘वाजवणारा नाही, तर माझ्याकडे नुसता डबाच राहील. तुम्ही न्या. फक्त तो आवाज पुसू नका.’’

जाहिरातीत लिहिलेली रक्कम दिली आणि पेटी घेऊन आलो. आता ऑफिसातून आल्यावर अर्धा तास वाजवतो. मला लागतील ते आवाज मी वेगळ्या नंबरांवर बनवले. सात नंबरला हात लावत नाही. वाजवतो मात्र त्याच्यावरच जास्त. फेब्रुवारीत एकदा त्या आवाजातली तीनेक मिनिटं रेकॉर्ड करून ताईंना पाठवली. पाठवल्यावर वाटलं, आगाऊपणा झाला. चार दिवस उत्तर नव्हतं. पाचव्या दिवशी मेसेज आला: ‘दोनदा ऐकलं. हे थोडं हळू वाजवायचे. जमलं तर परत पाठवा.’

तेव्हापासून हळू वाजवून बघतो आहे. हळू वाजवणं अवघड असतं. दोन सुरांमधली जागा रिकामी ठेवावी लागते, आणि मी ती घाईने भरून टाकतो. सहा-सात वेळा रेकॉर्ड केलं. अजून पाठवण्यासारखं झालेलं नाही.