पिठल्याचा डाग

लग्नाला चार-पाच महिने झाले, तेव्हा सासरच्यांनी मला त्यांच्या ईट गावाहून देवीच्या दर्शनाला आणलं. तुळजापूर हे माझं माहेर. पण सासरचे पुजारी वेगळे, त्यामुळे मुक्काम त्यांच्याच घरी. आमचं घर तिथून तीन गल्ल्यांवर, आणि मी मात्र यात्रेकरू! सासूबाईंनी निघतानाच बजावलं होतं, "देवाला चाललोत, माहेराला न्हाय. दर्शन, न्याहारी, की लगेच परतीची बस." मला पंचमीलाही धाडलं नव्हतं. मायचं तोंड पाहायला जीव नुसता तळमळत होता.

दर्शन झालं. पुजाऱ्यांच्या ओसरीवर बायकांची पंगत बसली. गरम भाकरी, पिठलं, ठेचा. माझं लक्ष सगळं दाराकडे. आमचंही घर पुजाऱ्याचं. कळायला लागल्यापासून मी यात्रेकरूंना वाढतच आलेली. बसून खायची सवयच नव्हती. तेवढ्यात पुजारीणकाकूंनी आतून त्यांच्या लेकीला हाक मारली, "पिठलं फिरव गं!" आणि मी उठले. खरकट्या हातानंच पातेलं उचललं.

"अगं, उष्टा हात!" सासूबाई ओरडल्या. दचकून माझ्या हातातलं पातेलं सुटलं. साऱ्या पंगतीचं पिठलं माझ्या लग्नातल्या हिरव्या लुगड्यावर.

"ह्येच शिकवलं व्हय तुझ्या मायनं?"

भाजलं होतं, पण रडू आलं ते या बोलण्याचं.

कपड्यांची पेटी पुरुष मंडळींनी आधीच स्टँडवर नेली होती. काकू म्हणाल्या, "अशी नेता व्हय सुनेला? माहेर हितंच हाय तिचं. लुगडं बदलून येईल की."

सासूबाईंनी नाक मुरडलं. "बस सुटायच्या आत ये."

मी पळत सुटले. आमच्याही ओसरीवर पंगत बसली होती. माय वाकून भाकरी वाढत होती. दारात पावलं वाजली तशी मान वर न करताच म्हणाली, "या माय, पाय धुवा, बसा."

माझ्याच घरात! मी "माय" म्हटलं, तेव्हा तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

वेळ नव्हता. तिनं आपलं जुनं लुगडं मला नेसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि माखलेलं लुगडं काढून घेतलं. "ह्ये धुऊन ठेवते. न्यायला ये."

नवं लुगडं सोडायचं कसं? म्हणून संक्रांतीला सासूबाईंनी मला मुकाट्यानं माहेरी धाडलं. माय म्हणाली, "डाग गेला न्हाय अजून. पुढच्या खेपेला ने." पुढच्या खेपेलाही तेच. अशी कितीतरी वर्षं. "कसलं म्हणायचं ह्ये पिठलं!" असं म्हणत सासूबाई चिडायच्या आणि धाडायच्या. मलाही मायचा राग यायचा. एवढं एकच बरं लुगडं होतं. जरा रगडून धुवायला काय झालं हिला?

माय गेल्यावर मी तिची पेटी उघडली. लुगडं तळाशी होतं, नीट घडी घातलेलं. दारातल्या उजेडात धरून पदरापासून सगळं पाहिलं, दोनदा पाहिलं. डाग कुठंच नव्हता.

"न्या की आता," भावजय म्हणाली.

मी घडी घातली आणि लुगडं परत तळाशी ठेवलं. म्हटलं, "पुढच्या खेपेला."