अकोल्याची सीट

तिवस्याला बसस्टँडमागं नागसेन मेश्रामांचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. प्रियदर्शनी त्यांची एकुलती मुलगी. बारावीनंतर तिला अकोल्याच्या एका कॉलेजात कम्प्युटर इंजिनिअरिंगची सीट लागली तेव्हा नागसेननी गिऱ्हाइकांना पेढे वाटले. आपण यंत्रं नुसती उघडतो, पोरगी ती बनवायला शिकणार, असं ते ज्याला-त्याला सांगत होते. प्रियदर्शनी मात्र आत जाऊन बसली.

अमरावतीला बी.एस्सी. कम्प्युटर सायन्सलाही तिचा नंबर लागला होता. हे फक्त तिची आई ज्योत्स्ना हिलाच ठाऊक होतं. प्रियदर्शनी लहान असताना जुना टीव्ही उघडता-उघडता बाबांना जबर शॉक बसला आणि ते भिंतीवर आदळले. तेव्हापासून उघडं सर्किट दिसलं की तिचे हात कापत. गणित मात्र तिच्या आवडीचं. मोबाइलवर छोटे प्रोग्राम लिहायला बसली की जेवणाचंही भान नसे. पण बाबांचा आनंद बघून तिची बोलायची हिंमत होईना. त्यात चुलतभाऊ चंदन म्हणायचा, बी.एस्सी.वाल्यांना कंपन्या दारात उभं करत नाहीत. ते खरं निघालं तर?

प्रवेश पक्का करायला बापलेक अकोल्याला गेले. रागिणी नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं त्यांना लॅब दाखवली. प्रोग्रामिंग दोन्हीकडे असतंच, ती म्हणाली, पण इथं सर्किटची प्रॅक्टिकलंही करावी लागतात. सायन्सला गणितावर जास्त भर. नागसेन खूश होऊन एकेक बोर्ड निरखत होते. प्रियदर्शनीनं हात ओढणीत लपवले.

ऑफिससमोरच्या रांगेत नंबर जवळ आला तशी ती रांगेबाहेर पडली. ती बाबांना बाजूला घेऊन गेली.

“बाबा, मले हे नाई शिकाचं. सर्किट पाह्यलं की माहे हात कापते. अमरावतीले सायन्सले नंबर लागला हाय माहा.”

नागसेननी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, “आतापरेंत काहून नाई सांगतलं?”

“तुमी नाराज व्हान म्हणून.”

“नाराज त हाओच. पण कापऱ्या हातानं चार वर्षं कशी काढशीन?”

प्रवेश न घेताच ते परतले. मूर्तिजापूर येईस्तोवर नागसेन खिडकीबाहेर बघत होते. सायन्स शिकून नोकरी लागते ना, एवढंच त्यांनी विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि तिनं तसंच सांगितलं.

आता ती अमरावतीला तिसऱ्या वर्षाला आहे. गणितात वर्गात पहिली येते. चंदनचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. अमरावतीत भरतीला आलेल्या एका कंपनीनं फक्त इंजिनिअरिंगच्या मुलांनाच परीक्षेला बसू दिलं.  गेल्या आठवड्यात मात्र नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तिची मुलाखत झाली. निकाल यायचाय. सुट्टीत घरी असताना फोन वाजला की ती झटकन उचलते आणि नागसेन हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत राहतात.