खजुरीखालची मरियम

इरीनीच्या अंगणातली भट्टी दोन घरांची होती. नाईलच्या पूर्वेला, चुनखडीच्या डोंगराखाली त्यांचं गाव. तिथे भाकरीची कणीक उन्हात फुगवतात. मातीच्या थाळ्यांवर गोळे मांडायचे, कडेने खजुरीच्या काट्याने चिरा द्यायच्या आणि ऊन आपलं काम करीपर्यंत बसून राहायचं. ख्रिस्ती इरीनी आणि भिंतीपलीकडची मुसलमान रतीबा बसल्या बसल्या आपापल्या धर्मग्रंथातल्या मरियमवरून भांडायच्या.

"तुमच्या इंजीलात बिचारीला गोठ्यात बाळंत केलं," रतीबा म्हणायची. तिच्याकडून बापाने कुराण पाठ करून घेतलं होतं. "आमच्यात बघ. खजुरीखाली एकटी कळा देतेय, तर आवाज येतो, खोड हलव, ताजा खजूर पडेल. पायाशी झरासुद्धा. बाळंतिणीला काय हवं ते आमच्याकडे कळतं बाई."

"आणि नवरा? तुमच्यात योसेफाचं नावसुद्धा नाही."

"बाळंतपणात नवऱ्याचा काय उपयोग असतो गं? तुझा झाला होता?"

इरीनीला हसू आवरायचं नाही. "माझा आझेर? दाराबाहेर चक्कर येऊन पडला होता. लोक त्यालाच पाणी पाजत होते."

मग बिशोय गेला. इरीनीचा एकुलता एक. खाणीत दगड कापायच्या यंत्राची विजेची वायर उघडी पडली होती. पांढऱ्या धुळीने माखलेला मुलगा दारात आणून ठेवला, तेव्हा इरीनीने डोक्यावरचं फडकं काढून आधी त्याचं तोंड पुसलं. तेव्हापासून दर रविवारी ती डोंगराखालच्या ख्रिस्ती कबरस्तानात जाऊन त्याची कबर झाडायची. खाणींची धूळ तिथे थांबतच नाही. आठवडा चुकला तर दगडावरचं नाव दिसत नाही.

भट्टीपाशी दोघी पुन्हा बसू लागल्या, पण भांडण पहिलं राहिलं नाही.

"आमच्यात मरियमच्या मुलाला क्रुसावर मारलंच नाही," रतीबा एकदा हळू आवाजात म्हणाली. "लोकांना फक्त तसं वाटलं. देवाने त्याला वर उचलून घेतलं. त्याच्या आईला ते बघावं लागलं नाही, बिशोयच्या आई."

इरीनीने हातातला काटा थाळीवर ठेवला. "तसं असतं तर तिचं बरं झालं असतं," ती म्हणाली. "पण मला तीच हवी, जी क्रुसाखाली उभी राहिली. जिने पाहिलंच नाही, तिच्यापुढे मी काय रडू?"

तिने घरातून इंजील आणलं आणि अडखळत तेवढाच भाग वाचला. ऐकता ऐकता रतीबा ढसाढसा रडली.

ते रडणं शेजारच्या गच्चीवरून रतीबाच्या जावेने पाहिलं. दोन दिवसांत पिठाच्या गिरणीवर बायकांनी रतीबाला घेरलं. "काय गं, त्या बाईने तुला बाटवलं म्हणे?"

नाही म्हणून निघून आली असती तर कदाचित निभावलं असतं. पण रतीबाला खोटं बोलायची सवय नव्हती. "तिने वाचलं, मी रडले," ती म्हणाली. "तुझं पोर तसं दारात आणलं असतं तर तूही रडली असतीस."

गावाने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं. शुक्रवारी संध्याकाळी इरीनीच्या घरावर दगड आले. दार फुटलं, भट्टी ढासळली.

मग रिवाजाप्रमाणे समेटाची बैठक बसली. एका खोलीत दोन्हीकडचे वडीलधारे, गावचे शेख आणि चर्चचे पाद्री, अबूना. बायकांना तिथे बोलवत नाहीत. रतीबाने नवऱ्याकरवी निरोप दिला होता की, मी माझ्या पायाने तिच्याकडे जात होते, मला कुणी फितवलं नाही, एवढं तिथे सांगा. भिंतीवरून तिने तसं इरीनीला कळवलंही होतं. त्या एका वाक्यावर इरीनी दिवसभर आस लावून बसली.

आझेर दिवेलागणीला परतला.

"आपण काही महिने गावाबाहेर राहायचं ठरलं. लोक निवेपर्यंत. शांतता महत्त्वाची, असं अबूनाही म्हणाले."

"रतीबाचा नवरा काय बोलला?"

"बसला होता. चहा प्याला."

"आणि बिशोय?"

आझेरने कोपऱ्यातली पेटी ओढली आणि कपडे भरायला घेतले. असे काही महिने कधी संपत नाहीत, हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

निघायच्या सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. रतीबाला आता उंबरा ओलांडायची मनाई होती. "बिशोयच्या आई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. कबर झाडशील?"

"झाडीन," रतीबा म्हणाली.

कैरोच्या टोकाला त्यांना तळमजल्यावरची खोली मिळाली. तिथे ऊन येत नाही. पहिल्या आठवड्यात इरीनीने कणीक मळून ताटलीत ठेवली. ती नुसतीच आंबली, फुगली नाही. आझेरने उचलून बाहेर टाकली. नंतर ती विकतचीच भाकरी आणू लागली. रात्री प्रार्थना करताना मरियमचं नाव घेई आणि पुढे काय मागावं तेच तिला सुचेना.

रविवारी तिने रतीबाला फोन लावला.

"गेली होतीस?"

"गेले होते ना. आत्ताच आले झाडून."

"धूळ फार होती का गं?"

"मुळीच नव्हती. अगदी स्वच्छ होतं."

डोंगराखाली धूळ नाही असा दिवस इरीनीने जन्मात पाहिला नव्हता. आणि रतीबाला खोटं बोलता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"बरं," इरीनी म्हणाली. "पुढच्या रविवारी पण जा."