जिवनबाईची घुगरी

माझ्या बायकोची, जिवनबाईची गोष्ट सांगतो. ती जिती होती तवर सांगायची हिंमत झाली न्हाई. आता सांगून मी काय दिवे लावणार! तरी ऐका.

सेनगावच्या अंगाला आमचा बंजाऱ्यांचा तांडा. आमच्यात लगीन झालेली बाई कानशिलावरच्या केसांत चांदीची घुगरी घालते. ती उतरते एकदाच, नवरा मेल्यावर.

सन छत्तीसला मी हैदराबादला कॉलेजात गेलो. तांड्यातला पयलाच. तांड्याचे पुढारी, नाईक हिरासिंग, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमचं पोरगं साहेब होऊन राहिलं!" सांगायला काय जातंय? दुसऱ्या साली माझी फी थकली, नाव कमी व्हायची पाळी आली, तवा चुलतभाऊ देवला रेल्वेनं आला अन् धोतराच्या सोग्याची गाठ सोडून रुपये हातावर ठेवले. कुठून आणले, मी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर घेता आले नसते ना!

चाळीस साली बी.ए. होऊन हिंगोलीला उतरलो. न्यायला देवलाच आला होता. वाटेत त्याच्यानं राहवेना.

"वसराम, ते रुपये वहिनीच्या घुगरीचे. म्याच सोनाराला इकली. तिनं तांड्यात सांगितलं, कयाधूत धुणं धुताना पडली."

"अन् खरं काहून न्हाई सांगितलं?"

"बायकोची घुगरी मोडून शिकला म्हणून लोक तुला हसतील, म्हणून."

नवरा जिता असताना जिची घुगरी गेली ती अपशकुनी. तीन सालं तिला कोण्या नवरीला हळद लावू दिली न्हाई. सख्ख्या बहिणीच्या लग्नात ती मांडवाबाहेर विधवांत बसली. अन् मी सुट्टीत येऊन जायचो, तिची ओढणी कपाळावर एवढी खाली काहून, हे बी इचारलं न्हाई. आंधळाच होतो म्हणा. ठरवलं, आज समद्यांपुढं सांगायचं. माझ्या एका शब्दाचं काम होतं.

तांड्यात डफ वाजून राहिला होता. मला बाजेवर बसवलं. बायका ओवाळायला आल्या. जिवनबाईनं पाऊल पुढं टाकलं तशी म्हातारी धुरपताबाई खेकसली, "तू न्हाई गं! चांगल्या कामाला तुझा हात नको." ती मुकाट्यानं मागं सरली.

तेवढ्यात नाईकांनी इचारलं, "सांग वसराम, कोणाच्या जिवावर शिकलास?"

जिवनबाई खाली बघत उभी. शब्द ओठावर आला होता, देवाशपथ! पण अंगात नवा कोट, समोर एवढी माणसं. बायकोच्या चांदीवर शिकलो म्हणायची मला लाज वाटली.

म्हणलो, "नाईक, तुमच्या आशीर्वादानं अन् माझ्या मेहनतीनं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. थू माझ्या जिनगानीवर!

मग जेवायला बसलो. भाकर वाढताना ती हळूच म्हणाली, "बरं केलं तुमी. देवलाभाऊजींनी तुमाला सांगितलं कळलं, तवापासून मला भ्याव होतं, भोळेपणानं खरं सांगून बसाल."

मी मान वर केली न्हाई. पण खोटं काहून बोलू, ऐकून मला हायसं वाटलं. आणखी एक भाकर मागून घेतली अन् पोटभर जेवलो.