पोह्यांत गेलेली गाणी

सोनाआजी कधी गात नसे. आमच्या रोह्याकडच्या गावात हळद असो की गौरी, बायकांनी सूर धरला की ती ओठ घट्ट मिटून बसायची. गाणी मात्र सगळी पाठ. कोणी मध्येच अडखळलं तर पुढची ओळ नुसती सांगायची, बोलल्यासारखी. "सोने, लय भाव खातेस गो!" बायका डिवचत. ती म्हणे, "माझी गाणी पोह्यांत गेली."

ती माझ्या आईची मावशी. तिच्याकडे राहून मी रोह्याला कॉलेज केलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो तिच्यामुळे. सकाळी ती पोह्यांची ताटली पुढे ठेवी. मी एसटीच्या घाईत बडबडत खाऊ लागलो की दटावी, "आधी तोंड भर. बोलणं कुठं पळतंय?"

कॉलेजच्या अंकासाठी मी तिच्याकडे कांडपाची गाणी मागितली. लेखाची सुरुवात लिहून नावही ठरवलं होतं, 'श्रमाचा आनंद'. ते ऐकून ती हसली. मग म्हणाली, "आनंद? कुणाचा रं?"

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. लहानपणी ती आईबरोबर पेणजवळच्या एका खोतांच्या घरी पोहे कांडायला जायची. खोतांकडे मुंबईहून आणलेली मोटार, चिनी मातीच्या कपबश्या, माडीवर चावीवर चालणारा फोनो. साहेबलोक शिकारीला आले की मेजवान्या झडत. खाली पडवीत सात-आठ बायका मुसळं चालवत, आणि त्यांनी सतत गात राहायचं असा त्या घरचा नियम होता. गाणाऱ्या तोंडात पोहे जात नाहीत, म्हणून. एखादा आवाज कमी पडला की खोतीणबाई वरून विचारी, "कोण गप्प झाली गो?"

"वर फोनो गायचा, खाली आम्ही," आजी म्हणाली. "फोनोला चावी तरी देत व्हते."

एकदा सोना गप्प झाली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. गरम पोह्यांची मूठ तिने तोंडात टाकली. खोतीणबाई जिना उतरून आली, सगळ्यांसमोर तिला तोंड उघडायला लावलं आणि पोहे अंगणात थुंकायला लावले. कोंबड्यांनी ते टिपले.

"आणि तुझ्या आईनं काय केलं?" मी विचारलं.

"गात व्हती. थांबली असती तर तिचंबी तोंड उघडलं असतं."

तो लेख मी फाडून टाकला.

आजीला जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्या खोतांच्या पणतूने मला पेणला बोलावलं. घराण्याच्या वैभवाचं पुस्तक निघतंय, ते मराठीच्या मास्तरांनी तपासून द्यावं म्हणून. गुळगुळीत कागदावर मोटारीचा फोटो, शिकारीचा फोटो, आणि एका पानावर वाक्य : 'आमच्याकडे कांडपिणी दिवसभर आनंदाने गात.'

मी त्यांना सगळं सांगितलं, त्या उपाशी पोरीपासून कोंबड्यांपर्यंत.

"असेल हो सर, काळच तसा होता," ते म्हणाले. "पण गाणी किती गोड! एखादं म्हणा ना, मोबाइलवर घेतो."

काळ जिना उतरून आला नव्हता. खोतीणबाई आली होती.

माझ्यासमोर पोह्यांची बशी होती. त्यांनी मोबाइल पुढे धरला. मी चमचा बाजूला ठेवला, मूठभर पोहे तोंडात भरले आणि सावकाश चावत बसलो.