विहिरीत निघालेला माणूस

हैदराबादच्या नल्लकुंट्यात माझी पिठाची गिरणी होती. घरमालक भांडण काढायचा तेव्हा ठरलेलं म्हणायचा, "तुम बाहर के लोगां." गावी गेलो की भावकी म्हणे, "आले बघा हैदराबादी!" अरे, निजामाच्या वेळी मुलूख एकच होता. रेघ मागाहून ओढली, त्यात माझा काय गुन्हा?

गल्लीत घराघरांवर डिश अँटेना बसायला लागल्या, त्या सुमाराला मराठवाड्यातल्या माझ्या शेतात विहीर खोदताना माणूस निघाला. नुसती हाडं, मांडी घालून बसलेली. आमच्यात मेलेल्याला असंच बसवून पुरतात. म्हटलं, हा आपलाच. उघड्यावर तसाच कसा ठेवायचा? मी स्वतः कवटी धुतली, दात न् दात बोटांनी घासला, हळद लावली.

उत्खननवाल्या बाई मागून आल्या. म्हणाल्या, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा असेल. त्या काळी लोक उत्तरेकडून इकडे सरकले की इथलेच होते, ते दातातल्या डीएनएवरून बघायचंय. मी चौथी शिकलेला; डीएनए म्हणजे अंगातली पिढीजात खूण, एवढं कळलं. दात हैदराबादच्या प्रयोगशाळेत आले. माझंही रक्त घेतलं. हाडांना शिवलेल्या सगळ्यांचं घेतात, म्हणाल्या. मी मनात पक्कं केलं, नातं तपासतायत.

तिथून जिवाला चैन पडेना. गिरणी बंद करून बस पकडायचो. प्रयोगशाळेच्या फाटकावरचा पहारेकरी हसायचा, "चाचा, मुर्दा कहीं भागता नै, हल्लू आओ." घरी बायको वैतागलेली. "अहो, तो इतकी वर्षं थांबलाय, तुम्हाला जेवण होईपर्यंत थांबवत नाही?"

शेवटी बाईंनी आत बोलावलं. "काका, दातात तुमचाच डीएनए मिळाला."

मी ताठ उठलो. "सांगत नव्हतो?"

"तसं नाही हो. तुम्ही घासलात ना, ते तुमच्या हाताचं. त्याचं स्वतःचं काहीच लागलं नाही."

"म्हणजे माझा नाही?"

"माहीत नाही. विहिरीशेजारी असाच आणखी एक पुरलेला आहे. उघडू द्याल? पण हातमोजे घालून आमचीच माणसं उतरतील. तुम्ही बांधावर. आणि तो बाहेरचाही निघेल, हं."

चहा आला, तो बाजूला सारला. उठलो, खिडकीपाशी गेलो, परत बसलो. बाहेरचा निघाला तर गावात काय तोंड दाखवू? आणि इथं तरी?

"उघडा," मी म्हटलं. "पण तपासून झालं की हाडं माघारी द्यायची. उत्तरेचा निघू दे नाहीतर कुठला, माझ्या शेतात पुरलाय तो. बाहेरचा म्हणून कपाटात ठेवाल तर चालायचं नाही."

"साहेबांना विचारावं लागेल, काका."

"विचारा. मी इथंच आहे."