कोण आणि कुठे

माझ्या मावशीने पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. कुणी तिला इंग्रजीत पत्र लिहिलं, तर ती ते लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायची. मी तिची सख्खी भाची, पण मलाही दोन आली आहेत.

निवृत्त झाल्यावर तिने जर्मनचा क्लास लावला. परदेशातल्या तिच्या मुलाची मुलगी सात वर्षांची झाली होती आणि तिला जर्मनशिवाय काही येत नव्हतं. बापाला मराठी शिकवायला वेळ झाला नाही म्हणे. फोनवर आजी-नात नुसत्या एकमेकींकडे बघून हसायच्या, आणि फोन ठेवला की मावशी स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटायची. आता सुट्टीत नात पहिल्यांदाच येणार होती. तिच्याशी तिच्या भाषेत बोलायचंच, असं मावशीने ठरवलं.

पहिल्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली ती खुशीतच. इंग्रजी ही म्हणे जर्मनची चुलत बहीण. दीड हजार वर्षांपूर्वी अँगल, सॅक्सन वगैरे टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनला गेल्या, तेव्हा आपली बोलीही घेऊन गेल्या. पुढे इंग्रजीने फ्रेंचशी सोयरीक केली आणि भारी भारी शब्द मिरवायला लागली, पण रोजच्या वापरातले शब्द माहेरचेच राहिले. हाउसचं हाउस, ॲपलचं आप्फेल, वॉटरचं वासर. वासर म्हटल्यावर मला गोठा आठवला.

"म्हणजे निम्मं जर्मन मला आधीच येतंय," मावशी म्हणाली. बाई अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झाल्या होत्या.

नात बापाबरोबर आली. दोन दिवस पाणी, सफरचंद आणि घर यांवर निभावलं. तिसऱ्या दिवशी मीही तिथे होते, तेव्हा लपाछपी सुरू झाली. नात कपाटात लपली आणि मावशी खोल्याखोल्यांतून मोठ्याने विचारत फिरू लागली, "वेअर बिस्ट डू?" इंग्रजीत वेअर म्हणजे कुठे, तेव्हा चुलत बहिणीकडेही तेच असणार, हा तिचा हिशेब. चौथ्यांदा विचारलं आणि कपाटातून रडू ऐकू आलं.

मुलगा धावत आला. कपाटात डोकं घालून लेकीशी बोलला आणि आईकडे वळला. "आई, जर्मनमध्ये वेअर म्हणजे कोण. कुठेला वो म्हणतात. तू तिला 'तू कोण' विचारतेयस. तिला वाटलं, आजी आपल्याला ओळखतच नाही."

घोडं पेंड खात होतं ते इथे. मला हसू फुटणार होतं, पण मावशीचा चेहरा बघून गिळलं.

"सात वर्षांनी भेटली पोर," ती म्हणाली, "आणि मी विचारलं काय, तर तू कोण."

नात बाहेर यायला तयार नव्हती. तिने कपाटाचं दार आतून ओढून घेतलं. मावशी दुखऱ्या गुडघ्यांवर कशीबशी खाली बसली. दारात अडकलेलं फ्रॉकचं टोक तिच्या नाकासमोर होतं, तरी तिने हळू आवाजात विचारलं, "वो बिस्ट डू?"

तिने पुन्हा विचारलं.

"हिअर," आतून आवाज आला.

हा शब्द दोन्ही बहिणींकडे एकच निघाला. मावशीने दार उघडलं.